खंडेनवमीचा जर्मन पिक्चर

जर्मन नवऱ्याचं बोलणं जर्मन बायकोला जर्मन भाषेतच समजावून सांगायची पाळी आलेले दुभाषी जगात किती असतील, मला ठाऊक नाही. कोल्हापुरात एक आहे. ती मी. इतकी वर्षं झाली तरी ती खंडेनवमी आठवली की माझा आवाज आपोआप चढतो, आणि घरातले म्हणतात, हिला कुणीतरी माइक द्या रे.

आधी माझा धंदा सांगते, कारण दुभाषी म्हणजे काय हे आमच्या गल्लीतही कुणाला धड कळलेलं नाही. माझे वडील नेसरीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. त्यांनी मला पुण्याला शिकायला धाडलं. तिथं इंग्रजीच्या वर्गात जागा उरली नव्हती आणि जर्मनच्या वर्गात बाकं रिकामी होती, म्हणून मी तिकडं जाऊन बसले. बसले ती बसलेच. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा सासरे म्हणाले, "हितं जर्मन कुणाशी बोलणार? तालमीतल्या पैलवानांशी?" पण शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या होत्या. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि गार झालं की साचा फोडून माल काढायचा, असे कारखाने. नव्वदीत ते जर्मनीहून साचे पाडणारी मशीनं मागवायला लागले. मशीनबरोबर ते बसवणारा माणूस यायचा. त्याला इंग्रजी जेमतेम, आमच्या मेस्त्रींना त्याहून जेमतेम. मधे मी.

दुभाष्याचा पहिला नियम म्हणजे 'मी' म्हणायचं. पाहुणा म्हणाला, मला ही वाळू ओली वाटते, की आपण 'साहेब म्हणतात' असं लावायचं नाही. आपण म्हणायचं, मला ही वाळू ओली वाटते. सुरुवातीला पोरं माझ्याकडं बघत राहायची. एकानं तर विचारलं, "मॅडम, तुम्हांस्नी कवापासनं वाळूतलं कळाय लागलं?" दुसरा नियम, जेवढं बोललं तेवढं सगळं सांगायचं. वर मीठ टाकायचं नाही आणि आतलं काही काढायचं नाही. शिवी आली तर शिवी सांगायची, फक्त मापाची. आमच्याकडच्या शिव्या जर्मनमध्ये न्यायला मात्र मला फार कष्ट पडले. त्यांच्याकडं त्या तयारीचा मालच नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. कोल्हापूरचा माणूस 'करतो की' म्हणाला, तर त्याचा अर्थ झालंय असाही होतो, उद्या बघू असाही होतो आणि करणार नाही, काय करायचं ते करा, असाही होतो. ते तोंड बघून ठरवायचं. म्हणून फोनवरची दुभाषिगिरी मी कधी घेतली नाही. दोन हजार सालानंतर पोरं भराभर इंग्रजी बोलायला लागली, आणि मेस्त्रींचे मुलगे थेट परदेशात बोलू लागले. माझ्या धंद्याला हळूहळू गिऱ्हाईक राहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं, ते मी लपवत नाही. ती सगळी पोरं बोलतात छान, पण तोंड बघत नाहीत.

तर नव्वदीच्या मध्यावर अण्णांच्या फौंड्रीत डीटर नावाचा माणूस आला. अण्णा म्हणजे मालक. भट्टी चालू असतानाही त्यांचं बोलणं गेटवर ऐकू जायचं. डीटर उंच, गुलाबी, मिशाळ. आला होता तीन महिन्यांसाठी. मशीन बसलं, चाललं, आणि गडी राहिलाच. सकाळी मिसळ, रविवारी कुस्त्यांचं मैदान. तांबडा रस्सा पिऊन घाम पुसायचा आणि वाटी पुढं करायचा. वर्ष होत आलं. अण्णांनी दुसऱ्या मशीनची ऑर्डर दिली आणि तेही डीटरनंच बसवायचं असं दोघांनी ठरवलं. तो आनंदानं हो म्हणाला. हे सगळं मीच दोन्हीकडून सांगितलेलं, त्यामुळं ठरलं काय ते मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या बायकोला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात बायको आली. रेनाटे. बुटकी, चष्मा, पायात भक्कम बूट, आणि बघता बघता समोरच्याचं माप घेणारी नजर. पहिल्याच दिवशी अण्णांनी घरी जेवायला बोलावलं. ताटं वाढली आणि अण्णा मोठ्या प्रेमानं म्हणाले, "वैनीस्नी सांगा, काळजी करू नका म्हणावं. साहेब अजून वरीसभर आमच्यातच हायत. दुसरं मशीन बी तेच बसवणार."

मी सांगितलं. सगळं. लोक मला नंतर म्हणाले, मॅडम, तेवढं गाळायचं होतं. का गाळायचं? मी काय चहा करत होते? तिच्या नवऱ्यानं सगळ्या फोनांतून तेवढं गाळलं होतं, ते पुरेसं होतं.

रेनाटेनं चमचा खाली ठेवला. नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "त्यांना सांगा, दसरा झाला की माझं परतीचं विमान आहे. त्यांचंही तिकीट मी काढून आणलंय. ते माझ्याबरोबर आले तर आले. नाही आले, तर नंतर यायची तसदी घेऊ नये. त्या घरात तेव्हा त्यांच्यासाठी जागा नसेल."

डीटर माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तरी मी त्याच्याकडं वळून तेच त्याला सांगितलं, कारण तिनं सांगा म्हटलं होतं. अण्णा विचारायला लागले, "काय म्हणत्यात वैनी? रस्सा तिखट झाला व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून माझं खरं काम सुरू झालं. अण्णांनी मला रेनाटेच्या मुक्कामापुरती तिच्याबरोबर दिली होती. सकाळी गेस्टहाउसच्या व्हरांड्यात दोघं समोरासमोर बसलेले, मधे मी. ती म्हणाली, "त्यांना सांगा, साखर इकडं द्या." मी म्हटलं, "बाई, त्यांना जर्मन येतं." ती म्हणाली, "येत होतं. आता विसरलेत. तीन महिने म्हणजे किती, हेसुद्धा विसरलेत." डीटरनं साखर पुढं सरकवली आणि मलाच म्हणाला, "तिला सांगा, साखर दिली आहे."

मला हसू दाबता येईना. मी ह्या कामात लहानपणापासून मुरलेली होते. आमची आई बाबांवर रागावली की बाबा समोर बसलेले असतानाही मला सांगायची, "ह्यांस्नी म्हण, भाकरी निवाय लागलीया." बाबा मला सांगायचे, "आईला म्हण, येतो." मी आपली मान इकडं, मान तिकडं. मला वाटायचं ही फक्त आमच्याकडची रीत. जर्मनीतून तीच रीत चालत माझ्यापुढं आली, तेव्हा मला त्या बाईविषयी एकदम माया वाटली.

आम्ही पन्हाळ्याला गेलो तेव्हा गाडीत मागच्या सीटवर मधोमध मी. वर चढताना तिच्या बाजूला दरी उघडली, सगळीकडं हिरवं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, सुंदर आहे." तो दुसऱ्या खिडकीतून म्हणाला, "तिला सांगा, मला माहीत होतं तिला आवडेल. मी इथं एकटा आलो की हाच विचार करायचो." हे सांगताना नियमाप्रमाणं मला 'मी' म्हणावं लागलं, आणि मला उगीचच लाजल्यासारखं झालं. रेनाटे खिडकीबाहेर बघत राहिली.

आता खंडेनवमी. आमच्याकडं कारखान्यात हा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. मशीनं धुऊन पुसून ठेवायची, हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ. कामगारांच्या बायका, मुलं, म्हातारी माणसं सगळी येतात आणि आपला माणूस दिवसभर कुठं राबतो ते बघून जातात. आणि एक पक्कं असतं. ज्या यंत्राची पूजा झाली ते त्या दिवशी चालवायचं नाही. त्याला सुट्टी. आम्ही बौद्ध. आमच्याकडं दसरा दुसऱ्या कारणानं मोठा, त्या दिवशी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात असतो. खंडेनवमीला मी कारखान्यात जायची ती कामावर म्हणून. पण आलेल्या प्रत्येक जर्मन पाहुण्याला ही सुट्टी समजावून सांगायचं काम माझंच, आणि मला ते आवडायचं.

दरवर्षी त्या दिवशी बायकामुलांसाठी काहीतरी कार्यक्रम असायचा. डीटरनं बायकोला मागंच फोनवर सांगून ठेवलं होतं, येताना काहीतरी गमतीचं घेऊन ये. तिनं एका जर्मन पिक्चरची व्हिडिओ कॅसेट आणली होती. नवराबायकोच्या संसारावरचा विनोदी पिक्चर, त्यांच्या गावातल्या थिएटरात दोघांनी बरोबर बघितलेला. खाली इंग्रजी अक्षरं वगैरे काही नाही, निव्वळ जर्मन. मी म्हटलं, "अण्णा, लोकांना काय कळणार?" अण्णा म्हणाले, "तुम्ही हाय की. माइकवर सांगायचं. जर्मन पिक्चर, मराठीत. कोल्हापुरात असं झालंय का कवा?"

झालं नव्हतं, आणि म्हणूनच माझ्या अंगात आलं. इतकी वर्षं मी वाळू, तेलाचा दाब आणि नटबोल्ट ह्यांच्याविषयी बोलत होते. आता मला नवरा, बायको, सासू, पोरं, सगळं एकटीनं व्हायचं होतं. अण्णांच्या केबिनमध्ये मी अर्धा पिक्चर बघितला. तेवढ्यात मशीनचा तेलाचा पाइप फुटला आणि मला हाक आली. बाकीचा राहिला. मला त्याची काळजी नव्हती. दुभाष्याला पुढचं वाक्य कधीच ठाऊक नसतं, त्यातच तर मजा आहे.

दुपारी मोठ्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या. खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. दोन मोठे टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणले होते, लाउडस्पीकर आमचा. बापू म्हणजे आमचा वायरमन, लाईट आणि जनरेटर त्याच्या ताब्यात. तो कुंकवाची ताटली घेऊन व्हीसीआरकडं निघालेला बघून अण्णा ओरडले, "आरं, ती भाड्याची वस्तू हाय. तिची पूजा तिचा मालक करंल." बापू नाराज होऊन परत फिरला. त्यानं कुंकू लावलं असतं तर पिक्चर तिथंच आटोपला असता.

पुढच्या रांगेत खुर्च्यांवर डीटर आणि रेनाटे, मधे एक खुर्ची रिकामी. ती माझी. पण मी माइकजवळ उभी, म्हणून त्या खुर्चीवर पारूवहिनी येऊन बसल्या. त्या शामराव मेस्त्रींच्या बायको, माहेर हुपरीचं, पैंजण घडवणाऱ्या घरातल्या. त्यांनी मधल्या एका दिवशी रेनाटेला हुपरीला नेऊन पैंजण घेऊन दिले होते. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि दिवसभर दोघी बोलत होत्या. माझी गरज पडली नव्हती.

पिक्चर सुरू झाला. गोष्ट अशी. नवरा गवंडी, बायको बस चालवणारी. त्यांच्या देशाच्या मधोमध जी भिंत होती ती पडली, लोक रस्त्यावर नाचतायत, आणि त्याच दिवशी ह्या दोघांचं भांडण होतं. गवंडी भडकतो, विटा आणतो, आणि घराच्या मधोमध भिंत घालायला बसतो.

इथं मला पहिल्यांदा थांबावं लागलं. मागून एक म्हातारबाबा उठले. "मॅडम, भिंत भावाभावांत घालत्यात. नवराबायकोत कसली वाटणी?"

मी म्हटलं, "तिथं घातलीय, बाबा."

"मग न्हाणी कुणाकडं गेली?"

"नवऱ्याकडं."

"आन् चूल?"

"बायकोकडं."

"मंग नळ?"

शेडमध्ये तिथल्या तिथं दोन तट पडले. प्रत्येकाच्या घरी नाहीतर भाऊबंदांत एखादी वाटणी झालेलीच होती. कुणी म्हणे सामायिक नळ ठेवायला पाहिजे होता, कुणी म्हणे जायची वाट आधी लिहून घ्यायची असते. डीटरनं मला विचारलं, "हे हसत का नाहीत? भांडतायत का?" मी म्हटलं, "ते ह्या घराची नीट वाटणी करून देतायत." तो गंभीर झाला. जर्मनीत म्हणे लोक त्या भिंतीला नुसतेच हसले होते.

मग मात्र मी सुटले. बायको झाले की कमरेवर हात जायचा, नवरा झाले की आवाज घशातून निघायचा. पोरं खिडकीतून इकडून तिकडं जायची आणि दोन्हीकडून खाऊ उकळायची, ती सांगताना शेडमधली पोरं टाळ्या पिटायला लागली. मग बायकोची आई राहायला येते. तिचा पलंग नेमका भिंतीच्या जागेवर. गवंडी पलंग हलवत नाही, त्याच्याभोवतीनंच भिंत घालतो. सासूचं डोकं लेकीकडं आणि पाय जावयाकडं. ती रात्रभर लेकीला सल्ले देते आणि जावयाला लाथा मारते. इथं शेड अशी हसली की लाउडस्पीकर ऐकू येईना. डीटर मांडीवर हात आपटून हसत होता. हसता हसता त्यानं बायकोकडं बघितलं आणि हात आवरला. रेनाटे हाताची घडी घालून बसली होती.

पुढचं मी बघितलेलं नव्हतं. त्यांच्या मुलीचं जमतं आणि मुलाचे आईबाप घर बघायला येतात. हे सांगायला मला काही कष्ट पडले नाहीत. मी नुसतं म्हटलं, "बघायला आल्यात," आणि सगळ्या बायका सावरून बसल्या. भिंत झाकायला दोघं नवराबायको भला मोठा पडदा टांगतात, आणि पाहुण्यांपुढं जगातला सगळ्यांत सुखी संसार करून दाखवतात. मी एका वाक्यात 'राजा' म्हणत होते आणि दुसऱ्या वाक्यात दातओठ खात होते. पाहुणीला घर बघायचं असतं. ती पडद्याकडं जाते. पडद्याला हात घालते. ओढते.

लाईट गेली.

असा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. सगळी शेड एकदम ओरडली. ताडपत्र्या वर केल्या, उजेड आला. अण्णा गरजले, "बापू, जनरेटर!"

बापू जागचा हलला नाही. "पुजलाय," तो म्हणाला.

जनरेटर शेडच्या दाराशीच होता. हार, कुंकू, पुढं फोडलेला नारळ. अण्णांनी आधी बापूकडं बघितलं, मग नारळाकडं, आणि त्यांचा आवाजच बसला. डीटर उठून तरातरा जनरेटरकडं निघाला. बापू मधे उभा राहिला. एवढासा माणूस, डीटरच्या छातीला लागत होता. म्हणाला, "साहेबास्नी सांगा, मी ह्याला आज हात लावणार न्हाय आन् लावू बी देणार न्हाय. वरीसभर ह्यो माझं ऐकतोय. एक दिवस मी ह्याचं ऐकतो."

मी ते 'मी' म्हणून जर्मनमध्ये सांगितलं. डीटर थोडा वेळ त्या जनरेटरकडं बघत उभा राहिला. तोही यंत्रातलाच माणूस. मान डोलावून परत आला.

आता लोक माझ्याकडं वळले. "मॅडम, पुढचं सांगा."

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

"ठाऊक न्हाय म्हंजे? मघापासनं सगळं तुम्हीच बोलतायसा की!"

हा माझ्या 'मी' म्हणण्याचा प्रताप. त्यांना काही केल्या पटेना. शेवटी पारूवहिनी उभ्या राहिल्या. "मॅडम कशाला? ह्या दोघांनी बघितलाय की. सांगू द्यात ह्यांस्नी. सांगा की पावणं."

माइक बंद होता. मी ओरडून डीटरला सांगितलं, लोकांना शेवट हवा आहे. तो उठला. त्याला असं बोलायला फार आवडायचं. हातवारे करत म्हणाला, "पडदा पडतो. भिंत दिसते. नवरा घण घेतो, एका घावात भिंत पाडतो, बायकोला उचलून घेतो आणि दोघं विटांवर नाचतात."

मी मराठीत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, तोच रेनाटे उठली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्याकडं न बघता, सरळ त्याच्याकडं बघून म्हणाली, "तू झोपला होतास."

डीटर दचकला. "मी?"

"थिएटरात. पडदा पडायच्या आधीच तू घोरत होतास. तू शेवट बघितलाच नाहीस."

"मी झोपलो नव्हतो. मी डोळे मिटले होते."

मी हे दोन्ही बाजूंनी जसंच्या तसं मोठ्यांदा सांगत होते. शेवटच्या वाक्याला सगळ्या बायका एकाच वेळी हसल्या. पारूवहिनी मागं वळून शामराव मेस्त्रींना म्हणाल्या, "बघा. तिकडं बी हेच सांगत्यात." मेस्त्री जनरेटरकडं बघायला लागले.

मग शेवट रेनाटेनं सांगितला. ती हळू बोलत होती, आणि लोक इतके गप्प झाले की मला ओरडायची गरज उरली नाही. ती म्हणाली, "भिंत कुणीच पाडत नाही. पाहुणे निघून जातात. नवरा त्याच्या बाजूनं हाका मारतो, चुकलो म्हणतो, ती उत्तर देत नाही. मग तो कोट घालतो. आपल्या दारानं बाहेर पडतो, पावसात सगळ्या घराला वळसा घालून तिच्या दारात येतो, आणि परक्यासारखी घंटा वाजवतो. ती दार उघडते. तो एक वाक्य बोलतो." इथं ती थांबली. "आणि मग ती त्याला आत घेते."

मी सांगून संपवलं. मागून म्हातारबाबांनी विचारलं, "कुठलं वाक्य?"

मी तिला विचारलं. ती डीटरकडं बघत म्हणाली, "ते त्यानंच सांगावं. त्याचे तर नुसते डोळे मिटले होते. कान उघडे असतील."

सगळी शेड डीटरकडं बघायला लागली. "सांगा की, साहेब." "बोला की, पावणं." वर्षभर त्यानं ह्या माणसांबरोबर चहा घेतला होता, रविवारी मैदानात आरडाओरडा केला होता. ह्यांना दुसऱ्या मशीनचं वचन त्यानं दिलं होतं. आणि समोर उद्याचा दसरा झाला की विमानात बसणारी बायको. मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तो जे बोलेल ते मला 'मी' म्हणून सगळ्यांसमोर सांगायचं होतं, आणि एकदा सांगितलं की ते कुणालाच परत घेता येणार नव्हतं.

तो तिच्याकडं बघून म्हणाला, "मला घरी यायचंय. दसरा झाला की. तुझ्याबरोबर."

मी म्हटलं, "मला घरी यायचंय. दसरा झाला की. तुझ्याबरोबर."

शेडमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. फक्त अण्णा उभे राहिले. "ऑं? तुझ्याबरोबर म्हंजे? ह्यो पिक्चरमधला बोलतोय का आपला? आन् दुसरं मशीन?"

"गप बसा की अण्णा," पारूवहिनी म्हणाल्या, "मशीन कुठं मधी घालताय." मालकाला असं कुणी कधी बोललं नव्हतं. अण्णा चकित होऊन बसले. थोड्या वेळानं मला हळूच म्हणाले, "जाऊ द्यात. पण मशीन अडलं तर फोन उचला म्हणावं." ते मी त्याला सांगितलं, आणि त्यानं छातीवर हात ठेवून मान हलवली. दुसरं मशीन पुढं दुसऱ्याच एका माणसानं येऊन बसवलं. त्याला रस्सा सोसला नाही.

रेनाटे मात्र अजून हाताची घडी घालून उभी होती, आणि मला कळेना की ह्या वाक्यावर तिचं दार उघडलं की नाही. मी तिला काही विचारणार, एवढ्यात लाईट आली.

ताडपत्र्या धडाधड खाली आल्या. बापूनं व्हीसीआरचं बटण दाबलं. मी धावत माइकपाशी गेले. पडदा पडला, भिंत दिसली, पाहुणे पळाले. नवऱ्यानं हाका मारल्या, त्या मी मारल्या. त्यानं कोट घातला, पावसात घराला वळसा घातला. तिनं सांगितलं होतं तसंच सगळं. त्यानं घंटा वाजवली. मी त्या वाक्यासाठी श्वास घेऊन तयार राहिले. बायकोनं दार उघडलं. तो भिजलेला उभा. ती बघतेय. तो बघतोय. मग ती बाजूला झाली, तो आत गेला, गाणं सुरू झालं आणि नावं वर सरकू लागली.

माझा श्वास आतच राहिला. पारूवहिनींनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "ह्यो तर काय बोललाच न्हाय की!"

डीटरनं मला विचारलं, त्या काय म्हणाल्या. मी सांगितलं, "हा तर काहीच बोलला नाही."

त्यानं टीव्हीकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं. रेनाटेनं हाताची घडी सोडली होती. ती हसत होती, चष्मा काढून डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. पारूवहिनी खुर्चीतून उठल्या आणि बाजूला झाल्या. तो त्या खुर्चीवर सरकून बसला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "पण मी बोललो."

त्यानं मला सांगा म्हटलं नव्हतं. तरी माझ्या हातात माइक होता आणि आता तो चालू होता. मी सगळ्या शेडला सांगितलं, "पण मी बोललो."